गुरुवारचा इंग्लिश क्लास

हे मी रचलेलं नाही. रचलेलं असतं तर फार बरं झालं असतं.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. घडलं तसं सांगते.

माझं नाव दीपमाला. राहायला आकुर्डीला. गोष्ट गेल्या डिसेंबरातली. चाकण एमआयडीसीला लागून एक गाव आहे... नाव मुद्दाम देत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

वार गुरुवार. संध्याकाळ व्हायला आली होती.

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते. एरवी दिवसरात्र चालणारी धडधड त्या दिवशी थांबते. नव्या माणसाला ती शांतता बरी वाटते.

मला वाटत नाही. आता नाही.

मी तिथे कामगारांसाठी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घ्यायचे. गावातल्या लक्ष्मणरावांनी रस्त्याकडेला बांधलेला गाळा होता. खाली कुलूपबंद शेड, वर एक खोली. ती खोली मी भाड्याने घेतली होती.

मोजकीच माणसं यायची. खंडू हा हिंगोलीचा पोरगा, एका कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर ऑपरेटर. त्याला सुपरवायझर व्हायचं होतं. मोनिका पॅकिंगला होती. केसरबाई कामगारांची मेस चालवायच्या. त्यांना इंग्रजी शाळेतल्या नातीशी बोलायचं होतं.

'माय नेम इज'च्या पुढे कोणी सरकत नव्हतं. पाठ केलेलं धाडधाड म्हणायचे आणि साधा प्रश्न विचारला की गप्प. म्हणून मी गोष्ट रचायचा खेळ काढला. आपण मनानेच एक माणूस तयार करायचा. प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक वाक्य बोलायचं. मी ते फळ्यावर लिहिणार. चुकलं तरी चालेल, पण इंग्रजीतच.

"देअर वॉज अ मॅन," मोनिकाने सुरुवात केली.

"ही वॉज टॉल," खंडू म्हणाला.

"ही वॉज हंग्री," केसरबाई म्हणाल्या. सगळे हसले. मेसवाल्या बाईला दुसरं काय सुचणार!

मी फळ्याकडे वळून लिहीत होते. मागून आवाज आला.

"ही... इज... अँग्री."

कोणीतरी धाडस केलं म्हणून मला आनंद झाला. न वळताच म्हणाले, "छान! पण इज नाही, वॉज. गोष्ट भूतकाळात चालली आहे."

"इज."

या वेळी आवाज मोठा होता. चिडलेला.

मी वळले. सगळे मान फिरवून मागच्या बाकाकडे बघत होते.

बाक रिकामा होता...

"कोण बोललं?"

"मॅडम, आमच्यातलं कुणीच नाही," मोनिका हळूच म्हणाली.

तेवढ्यात खालून आवाज आला.

धप्प...

थोड्या वेळाने पुन्हा... धप्प.

खंडूने कान टवकारले. "प्रेस चालू आहे खाली."

"आज गुरुवार आहे," मी म्हणाले. "आणि ती शेड बंद असते."

त्या दिवशी क्लास तिथेच संपवला. बाहेरून कोणीतरी चेष्टा केली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या गुरुवारी सगळे आले. हसतच आले. मोनिका म्हणाली, "मॅडम, त्या माणसाला आज सुखी करू या. घरी पाठवू या."

मलाही ते आवडलं. तिनेच वाक्य दिलं, "ही वेंट होम."

मी लिहिलं. शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत...

"नो होम."

मागच्या बाकावरून. स्पष्ट.

कोणी हसलं नाही. केसरबाई उठल्या. साताऱ्याकडची बाई, कोणाला भिणारी नव्हती. मागच्या बाकाकडे बोट करून ओरडल्या, "कोण हाय रं तिकडं? म्होरं ये की!"



मग तोच आवाज. सावकाश. एकेक शब्द चघळल्यासारखा.

"स्पीक... इंग्लिश."

केसरबाई मटकन खाली बसल्या.

खाली धप्प धप्प सुरू झालं. आता मध्ये थांबत नव्हतं. पायाखालची फरशी हादरत होती. मी सगळ्यांना बाहेर पडा म्हणून सांगत होते, तोच खंडू जागेवर ताठ उभा राहिला. तोंड उघडलं. आवाज त्याचा नव्हता.

"आय वाँट हिज हँड."

बोलून झाल्यावर खंडूने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. लहान मुलासारखा रडायला लागला.

आम्ही त्याला ओढतच खाली आणलं. शेडचं शटर थरथरत होतं. कुलूप गंजलेलं, बाहेरून लावलेलं. आरडाओरडा ऐकून लक्ष्मणराव मळ्यातून धावत आले.

"आत काय न्हाई, मॅडम. मशिनी कवाच इकल्या."

"उघडा," मी म्हणाले.

त्यांनी कुलूप काढलं. शटर वर केलं.

आवाज थांबला.

आत खरंच काही नव्हतं. फक्त मशीन बसवायचे बोल्ट जमिनीतून वर आलेले. मात्र हवा गरम होती. दिवसभर काम चाललेल्या कारखान्यासारखी. तेलाचा वास येत होता...

लक्ष्मणराव आत गेले नाहीत. उंबऱ्यावरूनच त्यांनी विचारलं, "काय बोलला त्यो?"

कोणी बोललं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"भाडेकरू टिकत न्हाईत, एवढं म्हाईत हाय. बोलतो म्हनत्यात. काय बोलला?"

मी सांगितलं. इंग्रजी शब्द ऐकले आणि म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"इंग्रजी? आजपातूर तर मराठीतच बोलायचा..."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे त्यो बी तुमच्याकडं शिकत हुता व्हय?"

मी खोली सोडली. खंडूला हात जोडून सांगितलं, मशीनवर जाऊ नकोस. त्याने रजा काढली. पण रजा किती दिवस चालणार? घरी बायको वर्षाली, लहान मुलगी. तो परत कामावर गेला. त्याच आठवड्यात मोनिकाचा फोन आला. खंडू दवाखान्यात आहे.

उजव्या हाताची बोटं गेली होती.

मी भेटायला गेले. तो छताकडे बघत होता. कंपनीतली माणसं बाहेर गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हात आत असला की मशीन थांबवतो, तो सेन्सर चालू होता. म्या हात काढला होता बगा. भाईर आला होता."

"मग?"

"आतून कुणीतरी धरला..."



खंडू बायको-मुलीला घेऊन हिंगोलीला गेला. मी आता आकुर्डीत फक्त व्याकरण शिकवते. गोष्टी रचायला लावत नाही.

हे इथेच संपलं असतं, तर मी लिहिलंही नसतं.

परवा वर्षालीचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, हे दुपारी झोपले की इंग्रजी बोलतात. मला कळत नाही. तुम्ही ऐकून सांगता का?"

तिने फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

आधी नुसता श्वास...

मग तो चघळत बोलणारा आवाज.

"टीचर इज लिसनिंग."

मी फोन कानापासून दूर करायला हवा होता. केला नाही. त्यामुळे पुढचं वाक्यही ऐकलं. तेही 'आय वाँट'ने सुरू झालं आणि वर्षालीबद्दल होतं. तिचं नाव घेऊन.

"काय म्हणाले हो?" तिने विचारलं.

"वर्षाली, मुलीला घे आणि माहेरी जा. आजच."

ती हसली. "कशाला मॅडम? पूर्वी किती भांडायचे. आता दिवसभर शांत असतात. माझ्याकडे बघत बसतात नुसते."

मी फोन ठेवला.

उद्या सकाळच्या एसटीने मी हिंगोलीला निघाले आहे. ते वाक्य तिला समोर बसूनच मराठीत सांगावं लागेल. फोनवर ते माझ्या तोंडातून निघत नाही...

आणि तो घरात असणार.