परत केलेलं पाणी

ग्रंथालय सांभाळणाऱ्या पुस्तकवालीनं मागे लागून लागून हे मला लिहायला लावलंय. तळ्याकाठच्या प्रत्येकानं आपली हकिकत लिहून ग्रंथालयात ठेवायची म्हणे, म्हणजे पुढच्यांना कळेल. पुढच्यांना कळेल तेव्हा कळेल, माझी मान मात्र आत्ता अवघडलीय. शाळेत मी बसलो तो फक्त मार मिळेपर्यंत. मी बोलतो, तू लिही, असं म्हटलं तर म्हणाली, नाही काका, तुमच्याच हातचं पाहिजे. आणि कागद ठेवून गेली. म्हणून दिव्यापाशी बसलोय. अक्षर वाकडं आहे, वाचायचं तर वाचा, नाहीतर धूळ खाऊ द्या.

आमचं ग्रंथालय म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. बांधावर जुनं पंपघर होतं. पंप गेला, खोली राहिली. तिथे पुस्तकं आहेत ती फक्त या तळ्याची. कुठला पक्षी कधी उतरतो, पाणी कुठवर चढलं होतं, कोणाच्या आज्यानं कुठे जाळं टाकलं, असलं सगळं. कादंबरी मागायला गेलात तर हात हलवत परत याल. मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट आहे, त्यात बाटल्या असतात. पाऊस सरला की काठावरचा प्रत्येक मोठा माणूस आपल्या घराच्या पायरीवरून बाटलीभर पाणी भरतो आणि तिथे नेऊन ठेवतो. वर्षभर ती बाटली त्याच्या जागेवर राहते. नवी आली की जुनी तपासणीला जाते, पाणी बिघडलं का सुधारलं ते कळायला. पण माणूस मेला तर त्याची बाटली तपासणीला जात नाही. घरच्यांनी ती आणायची आणि त्याच पायरीवरून तळ्यात परत ओतायची. घेतलेलं पुस्तक परत करतात तसं. हा नियम कोणी काढला ते कोणाला सांगता येत नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

माझा जन्म जलपर्णी ओढण्यात गेला. लांबून हिरवी गादी दिसते, लोक फोटो काढतात, खाली पाण्याचा जीव घुसमटतो ते दिसत नाही. आकडी टाकायची, ओढायची, काठावर ढीग लावायचा. परत उगवली की परत ओढायची. आमच्या हिला मात्र बाटल्यांचं भारी वेड. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बाटल्या ही गोळा करून न्यायची. मी म्हणायचो, पाणी ते पाणी, त्यात काय ठेवायचंय. ती एकदा खोकायची. तिचं तसंच होतं. मला बोलायच्या आधी एक कोरडा खोकला, मग बोलणं.

थंडीत ती गेली. नेमका तेव्हा मी खाटेवर होतो. ओल्या ढिगावरून घसरून मांडीचं हाड मोडून घेतलं होतं. तिला पोचवायलाही मला चौघांनी उचलून नेलं. बाटली परत करायचं काम तिच्या धाकट्या भावानं अंगावर घेतलं. याला सगळे झटपट म्हणतात. बांधावर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. कुठलंही काम सांगा, सांगून होईपर्यंत हा करून मोकळा. त्यानं दुपारी ग्रंथालयातून बाटली आणली, मागच्या पायरीवर गेला, आणि मी खाटेवर वळतो न वळतो तोच आत येऊन हात पुसत म्हणाला, झालं.

झालं काय होतं ते मला पुढचा पाऊस सरेपर्यंत कळलं नाही.

मधल्या महिन्यांचं सांगायला नको वाटतं. पण पुस्तकवाली म्हणते सगळं लिहा. संध्याकाळ झाली की मागचं दार आपोआप थोडं उघडायचं. तळ्याचा वास यायचा, शेवाळाचा आणि गार चिखलाचा. मग पायपुसणं ओलं. पायपुसण्यापासून चुलीपर्यंत फरशीवर ओल, पावलांएवढी, आणि चुलीपाशी जास्त, कोणी तिथे बराच वेळ उभं असल्यासारखी. आणि तो खोकला... एकदाच. मी वाट बघायचो की आता बोलेल. बोलायची नाही.

घाबरलो का? पहिल्यांदा घाबरलो. मग सवय झाली. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. घरात दुसरं कोण होतं? मुलगी लांब दिली, तिचा फोन यायचा तोही घाईचा. मी संध्याकाळी चूल जरा जास्त वेळ पेटती ठेवायला लागलो. कोणाला सांगितलं नाही.

दुसरंही एक व्हायला लागलं होतं, पण ते मी वयावर ढकललं. बांधावरून जाताना लोक माझ्याकडे बघायचेनात. हाक मारली तर इकडेतिकडे बघायचे, मग दचकून म्हणायचे, अरे, तुम्ही होय. दूधवाला माझ्या दारासमोरून तसाच पुढे जायचा. मी त्याला शिव्या घातल्या तर म्हणाला, बाबा, घर बंद वाटलं हो.

पाऊस सरला. मी काठी टेकत माझी नवी बाटली घेऊन ग्रंथालयात गेलो. दुपार होती, पण तळ्यावरून धुकं इतकं चढलं होतं की बांधाची एकच कड दिसत होती. पुस्तकवाली तेव्हा नवीनच लागली होती. तिनं कपाट उघडलं. आमच्या दोघांच्या जागा शेजारीशेजारी. एक रिकामी होती, एकीत बाटली उभी होती.

मी म्हटलं, ही माझी नाही.

ती म्हणाली, तुमचीच असणार काका, काकूंची परत गेली ना.

बाटल्या दोन्ही सारख्याच होत्या, औषधाच्या दुकानातून आणलेल्या, तपकिरी. पण हिनं आपल्या बाटलीच्या गळ्याला निळ्या कापडाची चिंधी बांधली होती. माझ्यासमोर बांधली होती, दातांनी गाठ आवळून. ती चिंधी तिथे होती. झटपटनं हात घातला, पहिली लागली ती उचलली. चिंधी बघायला मान वळवावी लागते, तेवढा वेळ त्याच्याकडे कुठला.

बाकीच्या बाटल्यांतलं पाणी वर्षभरात बोटभर खाली गेलं होतं. हिची गळ्यापर्यंत भरलेली. बाहेरून काच ओली. मी हातात घेतली तर अशी गार, की हाड ठणकलं.

पुस्तकवालीचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाली, "काका... म्हणजे मग परत केली ती..."

"माझी," मी म्हटलं.

बाटली घेऊन तडक झटपटच्या दुकानात गेलो. तो चाकाला हवा भरत होता. मी समोर उभा राहिलो तरी त्याला बराच वेळ दिसलो नाही. दिसलो तेव्हा सगळं ऐकून घेतलं आणि हसला. म्हणाला, "दाजी, पाणी ते पाणी. तुम्हीच म्हणायचात ना? आणि जिवंत आहात की धडधाकट. मग बिघडलं काय?"

मी म्हटलं, तुझी बहीण वर्षभर ओल्या पायांनी घरात फिरतेय. त्याचं हसू जरा कमी झालं, पण चूक झाली एवढं काही तोंडातून निघालं नाही. पुन्हा पंप मारायला लागला.

घरी आलो. मागच्या पायरीवर बसलो, बाटली मांडीवर घेऊन. आमच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. वरच्या दोन कोरड्या, बाकीच्या तळ्याच्या. धुक्यामुळे समोर पाणी आहे का नुसता पांढरेपणा, ते समजत नव्हतं. कुठे पक्षी नाही, वल्ह्याचा आवाज नाही. मी बुचावर अंगठा ठेवून बसून राहिलो. ओतली तर ती जाईल, आणि मग संध्याकाळी दार उघडणार नाही. नाही ओतली तर येत राहील. येऊ दे की, असं मनात आलं. कोणाचं काय जातंय? कपाटातच ठेवतो, नाहीतर घरातच ठेवतो, उशाशी.

तेवढ्यात मागे खोकला आला. मी वळलो नाही. या वेळी ती बोलली. वर्षभरात पहिल्यांदा.

"पाय फार गारठलेत हो..."

एवढंच. तक्रार नव्हती त्यात. मी चूल पेटती ठेवत होतो ना, ती ऊब तिच्या पायांपर्यंत पोचतच नव्हती.

मी बूच काढलं. पाणी ओतलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, झटपटसारखं नाही. आवाज झाला नाही. पाणी पाण्यात मिसळताना होतो तेवढाही नाही. माझ्या शेजारून ओला वास खाली गेला. पहिली पायरी ओली झाली, मग दुसरी. पाण्याच्या कडेशी ती थांबली असावी, कारण ओल तिथे पसरत राहिली. तिला शेवाळाची भीती वाटायची. जन्मभर त्या पायरीवर मी तिचा हात धरायचो. मी उठायला गेलो, पण माझा पाय लवकर उचलत नाही.

आणि खालून, पाण्यातून, कोणीतरी म्हणालं, "हळू... शेवाळ आहे. हात दे."

आवाज माझा होता.

माझाच. तोच घोगरा, तोच वैतागलेला. मी तोंड मिटून बसलो होतो, हे शपथेवर सांगतो. धुक्यात काही दिसलं नाही. पाणी दोनदा हललं, एकदा हलकं, एकदा जड. मग ती हसली. जिवंतपणी माझ्यापाशी ती इतकी मोकळी क्वचितच हसली असेल. मी ओरडलो, अगं, मी इथे आहे. हसणं थांबलं नाही. लांब लांब होत गेलं.

त्या दिवसापासून घर कोरडं आहे. दार उघडत नाही, पायपुसणं कडक झालंय. संध्याकाळी मी पायरीवर बसतो. वारा पडला की तळ्यातून दोघांचं बोलणं येतं. तो कुरकुर करतो, ती खोकते, मग काहीतरी ऐकवते. काय ते कळत नाही. मला ती कधी हाक मारत नाही. कशाला मारेल? तिला वाटतंय मी तिथेच आहे. नवी बाटली मी दोनदा भरून ग्रंथालयात ठेवली. पुस्तकवाली सांगते, सकाळी बघावी तर आत थेंब नसतो, बूच तसंच घट्ट. आता तीही मला शोधायला दोनदा हाक मारते, मी समोर बसलेला असतो तरी.

आता शेवटचं. परवा दिवेलागणीला धुकं होतं. मी घरात होतो, खाटेवर. झटपट आला. मला वाटलं, माफी मागायला आला एकदाचा. तो मला ओलांडून मागच्या दाराकडे गेला, पायरीवर उतरला. मी ऐकत होतो. खाली उभा राहून तो म्हणाला, "दाजी, चुकलंच माझं. बघायला पाहिजे होतं." मग पाण्यातल्या त्या दुसऱ्याचा आवाज आला, मऊ, "जाऊ दे रे. चालायचंच."

झटपट डोळे पुसत परत गेला, पुन्हा मला ओलांडून. त्याच्या खांद्यावर शर्ट ओला होता, पाच बोटं उमटल्यासारखा. पुस्तकवाली सांगते की त्यानं तो धुतला, उन्हात टाकला, इस्त्रीसुद्धा फिरवली. बाकीचा शर्ट वाळतो, ती बोटं वाळत नाहीत. आणि गावभर सांगत सुटलाय, दाजींनी मोठ्या मनानं माफ केलं.

मी कोणालाही 'जाऊ दे' म्हणत नाही. जन्मात म्हटलेलं नाही, काठावर कोणालाही विचारा. त्यानं माफी मागितली ती त्या पाण्यातल्याची. माझी अजून बाकी आहे. मी घरातच असतो, आणि झटपटनं माझी माफी मागायची राहिलीय.