बाबांनी लावलेला स्क्रू

"हात लावू नका!"

लिबी इतक्या जोरात ओरडली, की एलियासच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागीच थांबला. आता बघा, गाडी गॅरेजात आणायची आणि वर हात लावू नका म्हणायचं! पण तिचंही बरोबर होतं हो. सहासष्ट सालची ती निळी गाडी तिच्या बाबांची. बाबा मार्चमध्ये गेले. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी कार्बोरेटरवर वाकून, आवाजाकडे कान देऊन, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा हा स्क्रू लावला होता. त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

घरी, नेब्रास्काच्या सपाटीवर गाडी झोकात चालली. कोलोराडोचा डोंगर चढून अल्डर गावात आली मात्र, थांबवली की खोकायची, काळा धूर ओकायची आणि बंद पडायची.

"इथली हवा विरळ," एलियास ताफोया म्हणाला. सावळा, उंच, ओठांआधी डोळ्यांनी हसणारा. "हवा कमी, पेट्रोल तेवढंच. गाडी गुदमरणारच. स्क्रू अर्धा फेरा आत घेतला की झालं."

"आणि बाबांनी लावलेलं...?"

त्यानं थट्टा केली नाही. "आधी पार आत घेतो, फेरे मोजत. म्हणजे त्यांनी किती सोडला होता ते कळेल. लिहून ठेवतो. काही हरवणार नाही, बाई."

पावणेदोन फेरे भरले. लिबीचे डोळेही भरले. एलियास उगाचच बॉनेटखाली काहीतरी शोधत राहिला.

घाटापलीकडे लिबीच्या मावशीचा पाय मोडला होता. तिच्याकडे उन्हाळाभर राहायचं, एवढंच खरं काम. तरी दर रविवारी निळी गाडी घाट ओलांडून अल्डरला हजर!

"कसला तरी आवाज येतोय."

"कुठं? मला नाही ऐकू येत."

"आत्ता थांबला..."

"माझ्या दारात आल्या की गाड्या आपोआप बऱ्या होतात," तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

ती जर्दाळू भरलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजून आणायची, तो हिरव्या मिरचीचा बरिटो खाऊ घालायचा. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, पण पाणी मागेल तर शपथ! 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. बॅग मागच्या सीटवर. आज लिबी थेट घरी निघाली होती... आणि गाडी धूर ओकत, आचके देत दारात आली.

एलियासनं कान दिला, इंजिन बंद केलं, स्क्रू मोजला. मग सावकाश मान वर केली.

"अडीच फेरे. मी सव्वावर ठेवला होता."

"असेल..."

"लिबी, हा स्क्रू आपणहून फिरत नाही. कुणी हात लावला?"

"मी."

"तू? मला तर जवळ येऊ देत नव्हतीस!"

"मग काय करू?" ती उसळली. "दर रविवारी नवा आवाज कुठून आणू? वाटलं, खरंच बिघडली तर एक दिवस तरी थांबता येईल... शाळा उघडतेय, माझ्या वर्गातली पोरं वाट बघतायत, जायला तर हवंच. पण तुला सोडून जायचं नाहीये मला. झालं, सांगितलं!"

एलियासचे कान लाल झाले.

"बाबांच्या पावणेदोनवर लावून दे," ती डोळे पुसत पुटपुटली. "निघते मी."

"नाही लावणार."

"का?"

"इथं लावला तर अख्खा घाट धूर काढत उतरशील. आत्ता सव्वावरच आणतो. ज्या हवेत गाडी चालवायची, त्याच हवेत स्क्रू लावायचा असतो. बाबांनी तो तुमच्या अंगणात लावला ना? मग तुमच्या अंगणातच लागायला हवा."

"आणि तिथं कोण लावणार?"

त्यानं भरदुपारी गॅरेजचं शटर खाली ओढलं. खडूनं त्यावर लिहिलं : आठवडाभर बंद. हत्यारांची पेटी तिच्या बॅगेशेजारी ठेवली, गाडीचं दार उघडलं... आणि आत बसता बसता थबकला.

"तुझी आई घरीच असते?"

"असते. का रे?"

त्यानं आपल्या तेलकट शर्टाकडे पाहिलं.

"दोन मिनिटं थांब. चांगला शर्ट घालून येतो."