पुढच्या खोलीतला समुद्र

बाबांनी वाटण्या केल्या तेव्हा रस्त्याकडची चांगली जमीन मी मागून घेतली आणि किनाऱ्यावरची वाळू धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारली. तेव्हा गावात सगळे असंच करायचे. घरांची पाठ समुद्राकडे असायची. तिथे मासळी वाळायची, वास यायचा, खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या गंजायच्या. लेकीला किनारा दिला म्हणजे काही न दिल्यासारखंच.

मग लोकांना समुद्र बघायची हौस सुटली. आधी चार खुर्च्या आल्या, मग फरसबंदी, दिव्यांची रांग, आणि मग हॉटेलंच हॉटेलं. गावाचं शहर झालं नि धाकटीचं नशीब फळफळलं. माझ्या नाकावर टिच्चून तिनं मजल्यावर मजले चढवले. माझ्या स्वयंपाकघरातून चिमूटभर समुद्र दिसायचा, तोही तिच्या भिंतीनं खाल्ला. तिच्याकडे जागा मिळाली नाही की लोक रस्त्याकडे मी काढलेल्या लॉजवर यायचे. जळायचे मी. का नाही जळणार?

म्हणून लॉजच्या पुढच्या खोलीत उतरलेला एक शिक्षक चहा घेताना म्हणाला, "खिडकीतून समुद्र काय सुरेख दिसतो हो!" तेव्हा वाटलं, टोमणा मारतोय मेला. पुढची खोली रस्त्याकडे आहे. समोर बसथांबा आणि टायरचं दुकान.

त्याच्यानंतरचं जोडपं म्हणालं, लाटांच्या आवाजानं छान झोप लागली. मग जो उतरेल तो तेच म्हणू लागला. मी खिडकीत उभी राहून डोळे फाडून पाहिलं. मला आपले टायर. पण चादर झटकली की वाळू पडायची. पडद्याचं टोक जिभेला लावून पाहिलं, तर खारट.

मी कुणाला काही विचारलं नाही. फुकट चालून आलेल्या समुद्राला कशाला हटकायचं? खोली रिकामी राहीना.

एका दुपारी धाकटी आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, माझी गिऱ्हाइकं भांडतायत गं. म्हणतात, समुद्र कुठाय? आम्हाला टायरचं दुकान दिसतंय."

"आणि तुला?"

"मलाही तेच."

देवाशपथ सांगते, इतकं गार गार मला जन्मात वाटलं नव्हतं. म्हटलं, "ये, माझा दाखवते."

ती खिडकीशी गेली आणि तिथेच थिजली. मग तिचे डोळे भरून आले.

"ताई, हा माझाच आहे."

"तुझा कसला? माझ्या खिडकीत आहे तो!"

तिनं चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, तोंडं खिडकीकडे. खोली तळमजल्याची, खिडकी ठेंगणी. ती पाय टाकून बाहेर उतरली.

मला रस्ताच दिसत होता. उन्हानं तापलेला, रिकामा.

रस्त्याच्या मधोमध तिचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजले.

थोडं पुढे, कमरेपर्यंत.

हाक मारायला तोंड उघडलं. पण मनात आलं, घेऊन जाईल ही. परत आली तर हा समुद्रही घेऊन जाईल. आणि रस्त्यात कुणी बुडतं का?

थांब्यापाशी तिचे केस वर उचलले गेले, पसरले.

मग थांब्यापाशी कुणी नव्हतं.

तिचं हॉटेल आता बंद आहे. माझी पुढची खोली भरलेली असते. सगळ्यांना समुद्र दिसतो, मला सोडून. बघा, मेली जाताजाताही पुढची जागा पटकावून गेली.

काल, आठवडाभर उतरलेल्या एका पाहुणीनं विचारलं, "त्या पोहणाऱ्या बाई तुमच्या ओळखीच्या का? लांबून हात करायच्या. हल्ली रोज थोड्या जवळ येतात. आज तर खिडकीपाशीच होत्या. विचारत होत्या, ताई आहे का घरात?"

मी खोलीत गेले. बाहेर बसथांबा, टायर, कोरडा ठणठणीत रस्ता. खिडकी घट्ट लावली, कडी घातली.

धाकटीच्या चपला भिंतीशी तशाच होत्या, जोडून ठेवलेल्या. फक्त ओल्या होत्या, आणि त्यांची तोंडं आता खोलीच्या आत वळलेली होती.