दुसरी यादी

सोमवारी सकाळी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकाच बाटलीतल्या पाण्याचे दोन वेगळे निकाल आले, आणि मॅडमचं डोकं फिरलं. तिथल्या संगणकांची जबाबदारी अकरा वर्षं तिच्यावर होती. निकाल चुकला की बोट तिच्याकडेच वळायचं.

घोळ शोधायला वेळ लागला नाही. मुख्य संगणकावर प्रोग्राम चढवायचे, उतरवायचे, त्यांची यादी ठेवायची, हे काम पॅकेज मॅनेजर नावाच्या प्रोग्रामचं. तो तिथे एकच होता. आता त्याच्या शेजारी कोणीतरी दुसरा बसवला होता. त्याची यादी वेगळी, आणि निकाल काढणारा तोच प्रोग्राम त्याने स्वतःपुरता, नव्या आवृत्तीचा, आणून ठेवलेला. दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही.

"काका, कोणाचे हे उपद्व्याप?" शेजारच्या टेबलावर रसायनं बघणाऱ्या काकांवर ती कडाडली.

काकांनी चष्मा काढला. "तुम्हीच बसवलात की, मॅडम. गुरुवारी."

"गुरुवारी मी रजेवर होते! आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"इथंच बसला होतात." काका चाचरले. "दोन असलेले बरे, म्हणालात. मला सगळं समजावून सांगितलंत. इतक्या शांतपणे... नवलच वाटलं मला."

त्या 'शांतपणे'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने नोंदी काढल्या. गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. नाव तिचं, पासवर्ड तिचा. एका ओळीत दोन अक्षरं उलटी पडून लगेच दुरुस्त झाली होती. ही चूक ती रोज करायची. पासवर्ड चोरता येतो. बोटांची खोड कोण चोरणार?

दातओठ खात तिने दुसरा मॅनेजर मुळासकट काढून टाकला. जेवून आली, तर तो जागच्या जागी. पुन्हा काढला. पाणी पिऊन येईतो परत हजर. दोन्ही वेळच्या नोंदी तिच्याच नावाच्या.

तिने आईला फोन लावला.

"आई, गुरुवारी दिवसभर मी तुझ्याजवळ होते ना?"

"होतीस की. हात धरून बसली होतीस."

"आणि त्या नर्सला झापलं मी, ते आठवतंय ना?"

"छे गं! कुणाला नाही झापलंस. एकदाही आवाज चढवला नाहीस. मला तर बाई किती बरं वाटलं."

नर्सचा रडवेला चेहरा तिला लख्ख आठवत होता.

तिने फोन आपटला आणि दुसऱ्या मॅनेजरची यादी उघडली. सगळ्यात वर तिचा जुना मॅनेजर होता. चढवल्याची तारीख अकरा वर्षांपूर्वीची, ती कामावर रुजू झाली त्या दिवसाची. पुढे शेरा: तात्पुरता.

खाली आजची ओळ उमटली. आता गरज नाही. काढत आहे.

तिने कीबोर्डच्या कळा दाबल्या. एकही अक्षर उठेना.

ती ताडकन उभी राहिली.

"कोण आहे? हिंमत असेल तर समोर ये!" घसा फाटेस्तोवर ती ओरडत राहिली.

काका नळीतले थेंब मोजत होते. त्यांनी सावकाश मान वर करून तिच्याकडे नाही, तिने सोडलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

"मॅडम, खिडकी लावून घेऊ का?" ते म्हणाले. "बाहेर कोणीतरी ओरडतंय."