तांब्या आला की विकेट

"शिवकन्या गोठ्यात बसंल," आप्पासाहेबांनी निकाल दिला. "मॅच संपेस्तोवर."

हे बोलताना त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. चष्मा पुसत दिलेल्या निकालावर त्या घरात अपील नसे.

गुन्हा साधा होता. वर्ल्ड कपच्या आधीच्या दोन सामन्यांत शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन पाच वेळा बैठकीत आली होती, आणि पाचही वेळा तिनं उंबरा ओलांडल्यावर मिनिटभरात आपला एक फलंदाज बाद झाला होता. आप्पांनी हे सगळं पंचांगाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवलं होतं. त्याच पानावर गाय कधी व्यायली तेही लिहिलेलं असल्यामुळे तो पुरावा पक्का समजला जात होता.

"आप्पा, मी बॅटिंग करून नाही राहिले," शिवकन्या म्हणाली. "मी पाणी आणून राहिले."

"तेच म्हणतो मी. पाणी आणून एवढं होतंय, तर बॅटिंग केली असतीस तर काय झालं असतं?"

आप्पांची नात शिवकन्या बारा वर्षांची होती आणि शाळेच्या संघात डावखुरी फिरकी टाकायची. गणपती उठल्यापासून ती कॅलेंडरवर या सामन्याच्या तारखेकडे बघत होती. आज जिंकलं तर संघ पुढच्या फेरीत, हरलं तर विमानात. समोरच्या संघाचं नाव घरात घ्यायचं नाही, असा आप्पांचा आणखी एक नियम होता, म्हणून सगळे त्यांना 'ती माणसं' म्हणत. त्या माणसांना हरताना बघायचं सोडून तिला कालवडीशेजारी बसावं लागणार होतं.

आप्पा दुष्ट नव्हते. त्यांनी गोठ्यात खुर्ची पाठवली. खुर्चीवर शंकरपाळ्यांची वाटीही ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून तिची दोन आतेभावंडं अर्धापूरला आली होती. तेरा वर्षांच्या मल्लिकार्जुनकडे स्टॉपवॉचचं घड्याळ होतं आणि तो दिसेल ते मोजायचा. आजीचं सर्वांत लांब रागावणं चार मिनिटं अकरा सेकंदांचं होतं, हे त्यानंच शोधून काढलं होतं. त्याची आठ वर्षांची बहीण साक्षी काही मोजायची नाही, फक्त प्रश्न विचारायची. आरोपीला एकटं सोडू नये म्हणून दोघंही गोठ्यात येऊन बसले.

'त्या माणसांची' बॅटिंग आटोपली तेव्हा सव्वातीन वाजले होते. तिकडे ऑस्ट्रेलियात दिवे लागले होते, इकडे अर्धापुरात ऊन चांगलं तापलेलं होतं. शिवकन्याचे आई-बाबा केळीच्या बागेत गाडी भरून घेत होते. घरासमोर पिठाची गिरणी होती आणि दिवाळीमुळे ती दिवसभर घरघरत होती. त्यामुळे आप्पा बैठकीत टीव्हीचा आवाज पार शेवटापर्यंत वाढवून बसले होते. गोठा आणि स्वयंपाकघर मात्र मागच्या अंगाला. मध्ये एक भिंत, आणि भिंतीपलीकडे वैजनाथरावांचं घर. तिथं आज पंधरा-वीस माणसं मॅच बघायला जमली होती.

"कालवड छत्रीत का जेवते?" साक्षीनं विचारलं.

दोघांनी वळून बघितलं. कालवड एका मोठ्या, गोल, करड्या ताटात तोंड घालून कडबा खात होती. ताटावर कंपनीचं नाव होतं. शिवकन्यानं छपराकडे बघितलं. जिथं टीव्हीची छत्री असायची, तिथं नुसता लोखंडी दांडा उभा होता.

बालाजीकाकानं घराला रंग देताना छत्री खाली काढली होती, हे तिला आठवलं. परत वर चढवताना मात्र त्याला कुणी बघितलं नव्हतं.

"मग टीव्ही कशावर चालू हाय?" ती म्हणाली.

मल्लिकार्जुननं जाऊन खिडकीतून पाहिलं. टीव्हीशेजारी काकाचा मोबाइल चार्जिंगला लावून ठेवलेला होता. मॅच त्याच्या इंटरनेटवर येत होती, आणि काकानं हे घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पंधरा-वीस माणसांचा एकच सुस्कारा आला. लगेच स्वयंपाकघरातून जगदेवीआजीची हाक आली, की आप्पांना पाणी नेऊन द्या. शिवकन्या सवयीनं उठली, मग शिक्षा आठवून बसली. मल्लिकार्जुननं घड्याळाचं बटण दाबलं आणि तांब्या घेऊन तो गेला.

दोन मिनिटांत तो परत आला.

"गेला," तो म्हणाला.

"कोण?"

"ओपनर. आणि मी पण. मलाही गोठाच दिलाय."

त्यानं घड्याळ पुढे धरलं. पलीकडच्या सुस्काऱ्यापासून बैठकीतल्या विकेटपर्यंत सत्तेचाळीस सेकंद गेले होते. लातूरला त्यांच्या इमारतीतही असंच होतं, तो म्हणाला. वरच्या मजल्यावरचे छत्रीवाले आधी ओरडतात, खालचे मोबाइलवाले मग. वैजनाथरावांच्या छपरावर छत्री होतीच.

शिवकन्या उठून स्वयंपाकघरात गेली. आजी करंज्यांना मुरड घालत होती. आप्पांना नेमकं तेव्हाच पाणी का पाठवतेस, असं तिनं विचारलं.

"वैजनाथकडं हळहळले की समजायचं, काहीतरी वंगाळ झालं," आजी मुरड न थांबवता म्हणाली. "वंगाळ झालं की यांचं तोंड कोरडं पडतं. चाळीस वर्षं बघून राहिले मी."

शिवकन्या करंजीच्या ताटाशेजारी खाली बसली. म्हणजे पाणी नेल्यामुळे विकेट जात नव्हती. विकेट गेल्यामुळे पाणी जात होतं. फक्त बैठकीतल्या टीव्हीला ते अजून माहीत नसायचं.

"जाऊन सांगू या," मल्लिकार्जुन म्हणाला.

शिवकन्यानं मान हलवली. सांगितलं तर आप्पा चष्मा पुसतील. त्यांचा विश्वास फक्त त्यांच्या नियमावर होता, तेव्हा नियमच पुरता चालवून दाखवायला हवा होता.

पुढचा सुस्कारा आला तेव्हा बालाजीकाका शंकरपाळे चोरायला आत आलेला होता. शिवकन्यानं त्याच्या हातात तांब्या दिला. काका गेला आणि थोड्याच वेळात मोबाइलशिवाय गोठ्यात आला. मोबाइल निर्दोष ठरला होता. छत्रीतून खाणाऱ्या कालवडीकडे बघून त्याचा चेहरा उतरला. रंग वाळला की चढवणारच होतो, असं तो पुटपुटला. रंग वाळून बारा दिवस झाले होते.

तिसऱ्या वेळी आजी करंज्या सोडेना आणि साक्षी शिक्षेला भिऊन तांब्या धरीना, म्हणून कालवडीला पाठवायचं ठरलं. नियम तांब्याचा होता, तेव्हा तिच्या गळ्यात रिकामा तांब्या बांधला. सुस्कारा येताच साक्षी मूठभर कडबा दाखवत तिला बैठकीच्या दारापर्यंत घेऊन गेली. कालवडीनं उंबऱ्यावरून मुंडी आत घातली, आप्पांकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. फलंदाज धावचीत झाला.

"हिलापण बाहेर काढा," आप्पा म्हणाले.

चौथ्या वेळी आप्पांना स्वतःलाच तहान लागली आणि पाणी आणायला घरात कुणी शिल्लक नव्हतं. दोन षटकांच्या मधल्या जाहिरातीत ते उठून स्वयंपाकघरात आले. माठातून तांब्या भरताना त्यांना भिंतीपलीकडचा सुस्कारा ऐकू आला. "वैजनाथकडं कुणी पडलं का काय," असं म्हणत ते तांब्या घेऊन बैठकीत परतले.

मुलं दारात उभी होती. मल्लिकार्जुन घड्याळाकडे बघत होता.

गोलंदाज धावत आला. फलंदाजानं बॅट फिरवली, चेंडू उंच गेला आणि सीमारेषेवर झेलला गेला.

आप्पा तांब्या हातात धरून बैठकीच्या मधोमध उभे होते.

"आप्पा, आता तुम्ही कुठं बसणार?" साक्षीनं विचारलं.

आप्पांनी आधी तांब्याकडे बघितलं, मग गोठ्याच्या दिशेनं. मग शिवकन्यानं त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि सगळं सांगितलं. छत्री, मोबाइल, सत्तेचाळीस सेकंद, आजी आणि पाणी. आप्पांनी तीन प्रश्न विचारले, गोठ्यात जाऊन छत्री स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, आणि येताना पंचांग घेऊन आले. पाच तारखांच्या खाली त्यांनी लिहिलं: 'शिवकन्या निर्दोष.' त्याखाली: 'बालाजी गोठ्यात.'

"चाळीस वर्षांत यांचा निकाल मला न्हाई बदलता आला," आजी दारातून म्हणाली, "तो पोरीनं एका दुपारी बदलला."

"डोकं लई शाबूत हाय हिचं," आप्पा म्हणाले. "माझ्यावर गेली." त्यांनी दिवाणावर सरकून आपल्या शेजारी जागा केली.

तिथं बसून शिवकन्यानं उरलेली मॅच बघितली, आणि मॅच काही संपता संपेना. शेवटच्या षटकात नऊ हवे होते. मग सहा. मग शेवटच्या दोन चेंडूंत तीन. आप्पांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तू आत जा."

ती गोठ्याकडे जायला उठली.

"तसं न्हाई गं. मला आधी कळू दे. वंगाळ असंल तर पाणी आण. चांगलं असंल तर मोकळ्या हातानं ये."

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आजीनं करंज्या बाजूला सारल्या आणि तांब्या भरून ओट्यावर ठेवला. भिंतीपलीकडे एकदा टाळ्या झाल्या. एक धाव असावी. मग तिथं इतकं शांत झालं, की कालवडीचं चघळणं ऐकू येऊ लागलं.

आणि मग वैजनाथरावांच्या अंगणातल्या चिंचेवरचे सगळे कावळे एकदम उडाले.

शिवकन्या पळाली नाही. चालत चालतच ती बैठकीत आली. टीव्हीवर गोलंदाज अजून शेवटच्या चेंडूसाठी आपल्या खुणेकडे निघाला होता, आणि सगळं मैदान उभं राहिलं होतं. आप्पा टीव्हीकडे बघत नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते.

दोन्ही हात मोकळे होते.

आप्पांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. या वेळी निकाल काही दिला नाही, नुसतेच पुसत राहिले.

"लावा आता," शिवकन्या त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "चेंडू टाकून राहिलाय."