नालेसारखं अक्षर

रिफ्कीकाकांनी पाणवठ्याच्या दगडावर खडूनं फुली मारली. शुक्रवारची नमाज सुटली की पहिला घाव घालायचा, असं त्यांनी मुख्तारांना, म्हणजे वस्तीच्या पुढाऱ्यांना, सांगूनही टाकलं होतं. आज बुधवार होता.

"कोरलेल्या ओळींतली सगळ्यात खालची ही चार चिन्हं बघा," काका म्हणाले. "पहिली घोड्याची नाल. नाल म्हणजे खाली सोनं. शंभरेक वर्षांपूर्वी इथले अर्मेनियन लोक जाताना पुरून गेले."

तेरा वर्षांची नर्गिस तिथेच जर्दाळू धूत होती. ती आणि तिचा मावसभाऊ तुफान दर सुट्टीत तुर्कस्तानातल्या या अरापगीर गावी येत.

"ज्यांना एका सकाळी घराबाहेर हाकललं, ते दगड कोरत बसले असतील?" ती तुफानला हळूच म्हणाली.

"काकांना विचार की."

"काका काहीही सांगतील. मला पुरावा हवाय."

त्या लोकांपैकी गावात आता एकच व्यक्ती उरली होती. अझनिव आत्या, वय अठ्ठ्याहत्तर. दोघं तिच्याकडे गेली. पण तिलाही दगडावरची ती अर्मेनियन लिपी येत नव्हती. भीतीपोटी आईनं कधी शिकवलीच नाही, असं तिनं सांगितलं. मग तिनं पेटीच्या तळातून एक कापड काढलं. आईनं स्वतःच्या लहानपणी भरलेलं. त्यावर लाल दोऱ्यानं छत्तीस अक्षरं होती, चार ओळी, प्रत्येकीत नऊ.

"नऊच का?" नर्गिस पुटपुटली.

तेवढ्यात तुफानला भिंतीवरची तांब्याची थाळी दिसली. काठावर चार अक्षरं, पहिली तीच नाल! आणि खाली साध्या आकड्यांत १८८४.

त्यानं अक्षरं कापडावर शोधली. नाल सगळ्यात खालच्या ओळीत पहिली. बाकीची तीन एकेक ओळ वर, आणि प्रत्येक आपापल्या ओळीत तिसरं.

"एक, तीन, तीन, तीन," नर्गिस म्हणाली. "खालून वर हजार, शतक, दशक, एकक. म्हणून नऊ! ही अक्षरं म्हणजे आकडे आहेत."

"पण थाळीवर तर १८८४ आहे."

"वजा कर."

फरक आला ५५१. तरी नर्गिसचं समाधान होईना. एका थाळीवरून काय सिद्ध होतं? आत्यानं फडताळातून तांब्याची सुरई काढली. तिच्यावरची अक्षरं १३३९ आणि आकडे १८९०. पुन्हा ५५१!

"त्यांचं साल आपल्या सालाच्या ५५१ वर्षं मागे चालतं," नर्गिस म्हणाली. "आत्या, थाळी आम्हाला नेऊ दे."

मी कोण, हे लोक विसरलेत तेच बरं, असं आत्या नेहमी म्हणायची. पण आता तिनं डोक्यावर चुंबळ ठेवून पाहिली. "थाळी मीच आणीन," ती म्हणाली.

शुक्रवारी पाणवठ्यापाशी गर्दी जमली. काकांनी छिन्नी उचलली, तोच नर्गिस पुढे झाली.

"काका, नाल म्हणजे खाली सोनं. नक्की ना?"

"शंभर टक्के. लहान पोरांनी मागे व्हा."

"मग या थाळीवरही नाल आहे."

आत्यानं थाळी दगडावर ठेवलेल्या चुंबळीवर टेकवली होती. तुफाननं ती अगदी अदबीनं उचलली. खाली नुसती चुंबळ!

"रिफ्की, पहिला वाटा तुझा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

नर्गिस हसली नाही. तिनं कापड उलगडलं आणि मुख्तारांना दगडावरचं एकेक अक्षर त्याच्या ओळीत मोजून दाखवलं. एक, दोन, आठ, पाच. त्यात ५५१ मिळवले की १८३६. "हे पाणवठा बांधल्याचं साल आहे. नकाशा नाही."

"आणि वरच्या ओळी?" काका घुश्शात म्हणाले. "त्यात लिहिलं असेल सोन्याचं!"

"त्या मला वाचता येत नाहीत. तुम्हालाही येत नाहीत. म्हणून तर फोडायच्या नाहीत."

मुख्तारांनी बाही पाण्यात बुडवली आणि खडूची फुली स्वतः पुसून काढली. वाचता येणारा माणूस विद्यापीठातून बोलावू, तोवर दगडाला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. "पोरांनो, आज तुम्ही आमची लाज राखलीत," ते म्हणाले. काकांनी छिन्नी गुपचूप पिशवीत टाकली.

गर्दी पांगली. आत्या अजून कापड धरून उभी होती.

"नर्गिस, यात अझनिवचं पहिलं अक्षर कोणतं गं?"

नर्गिसला ते अजून माहीत नव्हतं. पण आत्याच्या सुरईवर सालाआधी एक नाव कोरलेलं होतं, तिच्या आजीचं. आजीचंही नाव अझनिवच होतं, हे आत्याला आईनं सांगितलं होतं. तुफान धावत जाऊन सुरई घेऊन आला. नर्गिसनं नावाचं पहिलं अक्षर पाहिलं, कापडावर शोधलं आणि आत्याचं बोट अगदी वरच्या ओळीतल्या पहिल्या टाक्यावर ठेवलं.

"हे. सगळ्यात पहिलं."

आत्यानं ते अक्षर ओल्या दगडावर बोटानं गिरवलं. मग पुन्हा एकदा गिरवलं.