जिन्याखालची साखळी

फोन घेतला तेव्हा फौजदार नामदेव ढमाले हसले. पुढे ही गोष्ट त्यांना फार बोचली, पण हसले हे खरं.

"काय चोरीला गेलं म्हणता?"

"माझी सायकल. तीनचाकी, हाताने चालवायची." पलीकडच्या बाईचा आवाज शांत होता. "मी सरोजिनी कोलवणकर, वाशीतली सागरदीप सोसायटी. आज तीनच्या आत मला ठाण्याला आमदारकीचा अर्ज भरायचाय. शेवटचा दिवस आहे."

"मग टॅक्सी करा की, बाई. सायकल आम्ही सावकाश शोधू."

"आणि टॅक्सीतून उतरल्यावर कचेरीत कशी जाऊ?"

"कुणीतरी उचलून नेईल."

मग तिने विचारलं, "तुम्हाला कुणी उचलून कचेरीत नेलेलं चालेल का, साहेब?" आणि फोन ठेवला.

ढमाल्यांनी टोपी घातली. एका हवालदाराला तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडे पिटाळलं आणि स्वतः निघाले.

ऐंशी सालचा उन्हाळा होता. वाशी तेव्हा अर्धी बांधलेली आणि अर्धी नुसती आखलेली. बाजाराच्या नव्या गाळ्यांचं काम चालू होतं, त्यामुळे विटांचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जायचे. सागरदीपच्या फाटकातून आत शिरताना ढमाल्यांना पाऊल उचलून टाकावं लागलं, कारण अंगणभर पांढऱ्या साड्यांवर कुरडया पसरल्या होत्या. चाळिशीची एक बाई पदराने कावळे हाकत होती.

"इथे कशाला घातल्यात, वहिनी? खाताना दाताखाली माती येईल."

"काय करणार? गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे अडकलीय." बाईने वर पाहिलंच नाही. ती सरोजिनीची वहिनी, वैजयंती.

कोलवणकरांचं घर तळमजल्यावर, जिन्याला लागून. जिन्याखाली गजाला एक साखळी लोंबत होती आणि साखळीत उघडं कुलूप. ते फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं.

सरोजिनी दाराशी खाटेवर बसली होती. पस्तिशी ओलांडलेली, इस्त्रीची सुती साडी, मांडीवर अर्जाची पिशवी. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. अपंगांची संघटना तिने उभी केली होती, आणि वाशीच्या पोस्टातली खिडकी बसल्या माणसाच्या हाताला येईल इतकी खाली घ्यायला लावली होती तीही तिनेच. आता कुठल्याही पक्षाशिवाय उभी राहत होती.

"कुलपाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात. दुसरी आमच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला. आत्ताही तिथेच आहे."

"काल घरात बाहेरचं कोण आलं होतं?"

"सेक्रेटरी, नंदकिशोर. अर्ज भरू नका म्हणून समजवायला. तासभर बसले होते त्या खिळ्याखालीच."

"अर्ज दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवता येतो ना?"

"अर्ज येतो. शपथ मलाच घ्यावी लागते." तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. "आणि उचलून घ्यायचं तुम्ही म्हणालात म्हणून सांगते. मागच्या निवडणुकीत एका पुढाऱ्याच्या पोरांनी मला उचलून स्टेजवर ठेवलं होतं. हार घातला, फोटो काढले. सभा संपल्यावर उतरवायला कुणाला आठवलं नाही. मंडपवाले कनाती सोडायला लागले तरी मी वरच. त्या दिवशी ठरवलं, लोकांत जाईन ती माझ्या चाकांवर, नाहीतर जाणार नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. सोसायटीतही. दाराशी चाकांसाठी उतार मागितला, तोही मिळाला नाही."

ढमाल्यांनी मान खाली घातली. फोनवरचं हसू त्यांना आठवलं.

एवढ्यात तिचा भाऊ अरविंद घामाघूम होऊन आला. फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होता. खाडीपुलापर्यंत जाऊन आलो, म्हणाला. कुठेच पत्ता नाही.

"आज कामावर नाही गेलात?"

"रजा टाकलीय. सरूबरोबर ठाण्याला जायचं होतं. तिच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझीच आहे."

"परत कधीपर्यंत आला असता?"

"दिवेलागणीच होणार होती. कचेरीचं काम, तुम्हाला माहितीये."

"सायकल कुणी नेली असेल?"

अरविंदने दुसऱ्या मजल्याकडे नजर टाकली. "नाव कशाला घेऊ?"

नाव घ्यायची गरजही नव्हती. नंदकिशोर स्वतःच जिना उतरून आले. सोसायटीचे सेक्रेटरी, आणि समोरच्या उमेदवाराचं वाशीतलं सगळं काम त्यांच्याकडे.

"माझ्यावर संशय घेणार, मला ठाऊकच होतं."

"बाईंनी दाराशी उतार मागितला होता. तुम्ही नाही म्हणालात?"

"कमिटीने नाही म्हटलं." नंदकिशोर चाचरले. "दर्शनी भागात बरं दिसत नाही, असं लोकांचं म्हणणं पडलं. पाव्हणारावळा विचारतो, इथे काय आश्रम आहे का."

"शेवटी बांधला कुणी?"

"त्या कासिमने. रातोरात विटा रचल्या, ना विचारलं ना सवरलं. टेम्पो आहे त्याच्याकडे. साहेब, सायकल न्यायची तर टेम्पोच पाहिजे. त्याला विचारा की."

"विचारतो. तोवर गच्ची तेवढी उघडून द्या. बायकांचं वाळवण धुळीत पडलंय."

"माझ्याकडे कुठे किल्ली? आपल्याकडे नियम आहे, ज्याचं वाळवण त्याच्याकडे गच्ची. वैजयंतीवहिनी कालच घेऊन गेल्या."

ढमाल्यांनी अंगणाकडे पाहिलं. वैजयंती पाठमोरी होती.

कासिमचा टेम्पो फाटकाशी उभा होता. सरोजिनीला तोच ठाण्याला नेणार होता. घर पहिल्या मजल्यावर. ढमाले वर गेले तेव्हा त्याची बायको हलिमा चहा टाकत होती.

"पहाटे कुठे होतास?"

"पनवेलला, साहेब. विटा भरत होतो. सातला आलो. भट्टीवर विचारा, मुकादम सांगेल."

"आणि तुम्ही, बाई?"

"मी घरातच. पाण्याला उठले होते. काळोख होता." हलिमाने पेले पुढे केले. "पेल्यात घ्या हां. कप नायत. नवा सेट वैजयंतीवहिनी काल घेऊन गेली. चारला पाव्हने येनार हायत त्यांच्याकडे."

"पहाटे काही ऐकलंत?"

"जिन्यात आवाज आला. ठप, थांबले. परत ठप. वाटलं, कुनी गॅसचा सिलिंडर चढवतंय."

"चढवतंय की उतरवतंय?"

"चढवतंय. आवाज आमच्या दारावरून वर गेला. खाली काय आला नाय."

ढमाल्यांचा पेला ओठाशीच राहिला. गॅसवाला पहाटे पाण्याच्या वेळी येतो, हे त्यांनी उभ्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. चहा संपवून ते जिन्यात आले. वळणावर भिंतीच्या ताज्या चुन्याला काळं वंगण लागलं होतं. पुढच्या वळणावरही. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. त्यांनी फटीला डोळा लावला आणि काही वेळ तसेच उभे राहिले. मग खाली येऊन सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. एक वाजून गेला होता.

"सायकल सापडलीय," ते म्हणाले. "तुर्भ्याला नाही आणि खाडीतही नाही. ती या घराच्या डोक्यावर आहे."

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वर वळल्या.

"तिला चाकं आहेत, म्हणून आपण सगळ्यांनी ती रस्त्यावर शोधली. मीही तोच शहाणपणा केला. पण बाईंपासून एखादी वस्तू लपवायची तर लांब कशाला न्यायची? जिना चढलात की झालं. ही गोष्ट रोज बाईंबरोबर राहणाऱ्यालाच सुचते."

"म्हणजे कोण?" सरोजिनीने विचारलं.

"आधी माझाही संशय नंदकिशोरांवरच होता. त्यांना कारण आहे, आणि किल्लीचा खिळा त्यांनी पाहिलाय. पण मग कुरडया आडव्या आल्या." ढमाले वैजयंतीकडे वळले. "वहिनी, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे, असं तुम्ही मला सांगितलंत. ते म्हणतात तुमच्याकडे. दोघांतलं एक खोटं. सेक्रेटरी खोटं बोलत असते तर तुम्ही एव्हाना दहा वेळा त्यांच्या दाराशी भांडला असता. पोटच्या पोरासारखं जपायचं वाळवण धुळीत घालून गप्प बसणारी बाई मी अजून पाहिली नाही. गच्ची उघडली की कुरडया उलथायला सगळ्या बायका वर येणार. म्हणून ती उघडायची नव्हती."

"मग आजचा दिवस कुरडया घातल्याच नसत्या तर?" नंदकिशोर म्हणाले.

"तीन दिवस भिजवलेले गहू, चीक तयार. आज घातल्या नाहीत तर आंबून फुकट. सायकल लपवायचं काल ठरलं, गहू त्याच्या आधीच भिजले होते. आणि टाकून द्यायला जीव होईना." ढमाल्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या, वहिनी."

वैजयंतीच्या पदराच्या टोकाला गाठ होती. ती सोडून तिने किल्ली हातात घेतली.

"एकट्या बाईला सायकल तीन मजले चढवता येत नाही," ढमाले म्हणाले. "अरविंदराव, दिवेलागणीपर्यंत तुम्ही ठाण्याला असणार होता. मग चारच्या पाहुण्यांना हलिमाबाईंच्या कपांतून चहा कोण देणार होतं? घरचा कर्ता ठाण्याला असताना पाहुणे कुणी बोलावतं का?"

अरविंद पायरीवर बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं.

"दादा," सरोजिनी म्हणाली.

"नंदिनीला बघायला येतायत, सरू. दादरची मंडळी." तो हातांआडूनच बोलत होता. "काल निरोप आला, आजच येतो म्हणून. उद्या उमेदवारांची नावं पेपरात येणार. तुझा फोटो येणार, सायकलवरचा. त्यांनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, घराण्यात काही व्यंग वगैरे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

वैजयंती रडायला लागली. "वन्सं, पोरीचं तिसरं स्थळ हे. आधीची दोन कशाने मोडली, तुम्हाला ठाऊक आहे. आजचा एक दिवस गेला असता तर—"

"काय सांगितलंत, वहिनी? आज चार वाजता मी कुठे असणार होते?"

वैजयंतीने घराकडे पाहिलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे खाटेजवळ पाण्याचा तांब्या, झाकलेलं ताट आणि एक मासिक सकाळपासून मांडून ठेवलं होतं. दाराला बाहेरून कडी होती. सरोजिनीने ते सगळं पाहिलं.

"कोंडणार होतात, हे कळलं. पण त्यांना काय सांगितलंस, दादा? बहीण आहे म्हणून सांगितलंस का?"

"होती म्हणालो." अरविंदने हात खाली घेतले. "लहानपणीच तापात गेली, म्हणालो."

जिन्यात सगळी सोसायटी जमली होती. आता जो तो जमिनीकडे बघत होता. नंदकिशोर टोपीची घडी घालत होते आणि परत उलगडत होते. कमिटीच्या सभेत उतार नको म्हणून हात वर करणारे यातलेच होते. अरविंदकडे बोट दाखवायची कुणाला हिंमत झाली नाही. दारात नंदिनी उभी होती, पाहुण्यांसाठी नेसवलेल्या नव्या साडीत. आईच्या हातातली किल्ली घेऊन जिना चढायला लागली. तिच्यामागे कासिम गेला, आणि जरा वेळाने नंदकिशोरही गेले.

ढमाल्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "बाई, तक्रार लिहून घेऊ?"

"चोरी झालीच नाही, साहेब. वस्तू घरातच होती." सरोजिनीचे डोळे कोरडे होते, पण चेहरा पार उतरला होता. "मला वाटायचं, लाज बाहेरच्यांना वाटते. त्यांच्याशी भांडायला मी निघाले होते."

ढमाले म्हणाले, "सकाळी फोनवर मी हसलो होतो, बाई. माफ करा."

"कळलं होतं मला," ती म्हणाली.

सायकल खाली आली. नंदिनीच्या नव्या साडीला वंगण लागलं होतं. सरोजिनी हातांवर सरकत खाटेवरून सायकलीवर बसली. अरविंद सवयीने आधार द्यायला पुढे झाला.

"तू नको," ती म्हणाली.

कासिमने टेम्पोला फळी लावली. सरोजिनी विटांच्या उतारावरून आपल्या हातांनी सायकल चालवत फळीपर्यंत गेली. चढण्याआधी तिने मान वळवली.

"दादा, चारला ते लोक येतील. मी मेले असं तूच सांगितलंस. जिवंत आहे हेही तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

टेम्पो गेला. दोन वाजत आले होते. नीट गेला तर वेळेत पोचणार होता.

ढमाल्यांना थांबायचं काही कारण नव्हतं, तरी ते थांबले. फाटकाशी कठड्यावर बसून राहिले. वैजयंती धूळ बसलेल्या कुरडया गोळा करत होती. अरविंद पायरीवरून उठला नव्हता.

चार वाजता दादरची मंडळी आली. मुलाचा बाप वयस्क, बोलका माणूस. टांग्यातून आल्यासारखा धुळीने माखला होता, तरी हसत होता. चपला काढायला जिन्यापाशी वाकला आणि त्याची नजर गजाकडे गेली.

"चोऱ्या होतात वाटतं इथे? एवढी जाड साखळी कसली?"

अरविंदने बायकोकडे पाहिलं, मग फाटकाकडे. ढमाल्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"माझ्या बहिणीच्या सायकलची," अरविंद म्हणाला.

"बहीण? पण तुम्ही तर म्हणाला होतात—"

"खोटं बोललो होतो. तिला चालता येत नाही. आमच्याबरोबरच राहते." त्याने लोंबती साखळी हातात घेतली. "ठाण्याला गेलीय, आमदारकीचा अर्ज भरायला. दिवेलागणीपर्यंत येईल. तुम्ही थांबणार असाल तर थांबा."